आधी अंडं, मग चेहरा

माना सेपा माझ्याकडे आली तेव्हा वादळाला सात महिने झाले होते. ती बाजारात सुकी मासळी विकायची. मी तिचं गिऱ्हाईक होतो, पण घरी ती पहिल्यांदाच आली. दारात चपला काढून उभी राहिली.

"मास्तर, तुम्ही माणसं हुबेहूब काढता म्हणे. माझ्या अर्लिनला काढून द्या."

अर्लिन तिची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. त्या सकाळी समुद्र गावात शिरला आणि पोरीला घेऊन गेला. देहही मिळाला नाही. घरात तिचे दोनच फोटो होते, बाप्तिस्म्याचा आणि चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा. घराबरोबर तेही गेले. शाळेचं कपाट चिखलात सापडलं, पण आतल्या फोटोंचा लगदा झाला होता.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. अर्लिनला कधी नीट पाहिलं नव्हतं. माना सांगत गेली, मी काढत गेलो. नाक बसकं, पण इतकं नाही. कपाळ रुंद. ओठ कायम किंचित उघडे. तीन कागद झाले. प्रत्येक कागद ती बराच वेळ बघायची आणि हळूच म्हणायची, "पोर गोड आहे. पण ही दुसऱ्या कोणाची तरी."

तिसऱ्या खेपेला म्हणाली, "मलाच शिकवा. ती अशी डोळ्यांपुढे उभी आहे. फक्त हातात येत नाही."

मी तिला शनिवारच्या वर्गात घेतलं. चॅपलमागच्या पडवीत आम्ही बसायचो. सगळ्यांना देतो तेच तिच्यापुढे ठेवलं: पांढऱ्या फडक्यावर एक उकडलेलं अंडं.

"हे काय, मास्तर?"

"आधी अंडं. मग चेहरा."

कड आखायची नाही, हे तिला पटेना. मी सांगायचो, उजेड कुठे संपतो ते बघ. पेन्सिल आडवी धर, काळं हळूहळू चढव. सगळ्यात गडद जागा अगदी कडेला नसते, थोडी आत असते, कारण फडक्यावरचा उजेड खालून परत अंड्यावर पडतो. ती मान हलवायची आणि पुन्हा कड आखायची. एकदा तिची नणंद नांदिंग डोकावली. "वहिनी, अंडं आहे की रताळं?"

"तुझं डोकं आहे," माना म्हणाली. सगळा वर्ग हसला.

चार महिन्यांनी अंडं गोल झालं. मग पत्र्याचा पेला, मग रबरी चप्पल, मग तिचीच सुकी मासळी. प्रत्येक वेळी ती विचारायची, "आता चेहरा?" मी म्हणायचो, "पेला अजून टेबलावर बसत नाही, तरंगतोय. त्याची सावली बघ." तिने बघितली. घरी, बाजारात, सगळीकडे बघू लागली. मासळीच्या पाटीपाशी बसल्या बसल्या समोरच्या भोपळ्याचा उजेड कुठे संपतो ते मोजायची. मला अभिमान वाटायचा. वीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

अकराव्या महिन्यात मी म्हटलं, "माना, आज अर्लिन."

ती सकाळभर बसली. कपाळाचा उतार सुरेख आला, नाकाखालची सावली चोख. मग हात थांबला. तिने डोळे मिटले, उघडले, परत मिटले. खोडलं, परत काढलं. जेवणाची वेळ झाली तसे बाकीचे उठून गेले.

"भुवया कशा होत्या तिच्या?" तिने मला विचारलं. मला.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा पोन्सो जाळं शिवत होता. माना त्याला विचारत होती, "डोळे तुझ्यासारखे होते ना?" तो म्हणाला, "नाही, तुझ्यासारखे." नांदिंग म्हणाली, "दोघांसारखे नव्हते." मग पोन्सो जाळं टाकून बाहेर निघून गेला.

माना मला म्हणाली, "पहिल्या दिवशी आले तेव्हा ती सगळीच्या सगळी होती. आता कपाळ आठवलं की फक्त उजेड दिसतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझी पद्धत चुकीची नव्हती. मला शिकवलं तसंच मी शिकवलं. पण त्या पहिल्या शनिवारी तिला वेडावाकडा का होईना, चेहरा काढू द्यायला हवा होता. कोणी हसलं असतं. तरी त्या रेघोट्यांत कुठेतरी पोर राहिली असती.

ती वर्गाला परत आली नाही. चित्रांसाठी घेतलेल्या कोऱ्या कागदांत ती मासळी बांधून देऊ लागली. मी अजूनही तिच्याकडूनच घेतो. दुसरीकडे जायचं धाडस होत नाही. मागच्या महिन्यात पुडी देता देता, मी काही विचारलं नसताना, ती म्हणाली, "आता स्वप्नातसुद्धा पाठमोरीच येते, मास्तर." आणि माझ्यामागे उभ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुम्हाला किती देऊ?"