बीदरमधले उसने कुंकू

बीदर पहिल्यांदा दिसते ते लाल रंगात. भालकीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड होते. मग एस.टी. चढाला लागली, ऊस मागे पडला आणि माती विटेसारखी लाल झाली. घरांच्या भिंती लाल, विहिरींचे कठडे लाल आणि लांबवर पसरलेला किल्लाही त्याच सच्छिद्र दगडाचा.

"आमचा मुलूख," खिडकीतून बोट दाखवत मिलिंद म्हणाला.

आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. मिलिंदचे गाव भालकी तालुक्यात, दहावीपर्यंत तो तिथेच शिकला. मी पुण्याची, कॉन्व्हेंटमधली, कुणाशी बोलायचे म्हटले की आधी मनात वाक्य जुळवून पाहणारी. आमच्या दोघांच्याही घरांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला. आडनावे मात्र गावांवरून पडलेली, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. निघताना आईने डब्यात लाडू भरता भरता नेहमीचे सांगितले होते, "कुणी विचारलं तर पुण्याचे म्हणायचं आणि विषय बदलायचा." मिलिंद दारात उभा होता. त्याने ते ऐकले.

आमची उतरण्याची जागा जुन्या शहरात, एका देवडीत (उमरावाच्या घरात) होती. भालकीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने ती विकत घेऊन तिथे तीन खोल्यांचे छोटेसे अतिथिगृह काढले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. लग्नानंतर पंचवीस वर्षांनी अण्णांनी अक्कांना उटी दाखवली. तिथली जोडप्यांची हॉटेले पाहून परत येताना त्यांनी ठरवले की आपल्याकडेही असे एखादे हवे. दारावर पाटी होती: 'नवदांपत्यांसाठी खास सोय'. पाटीवर दोन हंस रंगवले होते.

"हंस न्हाईत ते, बदकं हायत," अक्का हसून म्हणाल्या. "पेंटरनं उभ्या जन्मात हंस बघितला न्हवता."

"तूही कुठं बघितलीस?" अण्णा म्हणाले.

"म्या रोज बघायलेय की, समोर," अक्का म्हणाल्या आणि अण्णा कानापर्यंत लाजले.

आमच्या वरच्या खोलीचे नाव 'राजाराणी'. निळी मच्छरदाणी, छताला टांगलेला झोपाळा, गच्चीवर दोनच खुर्च्या आणि त्या इतक्या जवळ ठेवलेल्या की गुडघे लागावेत. मोगऱ्याचा गजरा उशीवर होता. मी तो पटकन उचलून खिडकीत ठेवला. खाली बसलेल्या दुसऱ्या जोडप्याने वर पाहिले आणि मला वाटले, सगळ्या बीदरला कळले.

संध्याकाळी मिलिंद बसच्या वेळा विचारायला स्टँडवर गेला. मी जिन्यात उभी होते. दिवेलागणीला अक्का करंडा घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाहून थबकल्या.

"कपाळ उघडं कामून गं? नवी नवरी हायस की."

मी वाक्य जुळवू लागले. ते जुळेपर्यंत त्यांनीच उत्तर काढले. "प्रवासात पुसलं आसंल. पुण्याचे म्हंजे बामणाचे आसाल न्हाई का? बोलणंच कसं हळू हाय. थांब." त्यांनी माझी हनुवटी धरली आणि कुंकू लावले. बोट गार होते, कुंकू ओले. "आता कशी लक्ष्मी दिसायलीस!"

मी म्हणाले, "थँक्यू." दुसरा शब्द सुचलाच नाही.

मिलिंद आला तेव्हा त्याची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथून माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे. जेवायला अक्कांनी एकच मोठे ताट मांडले. नव्या जोडीने एकाच ताटात जेवायचे ही त्यांच्याकडची रीत होती. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी आणि हुग्गी (गव्हाची खीर). हुग्गी वाढताना अक्का मिलिंदला म्हणाल्या, "वरच्या खोलीचं पाणी म्या सोता भरलेय. तुमच्यासारख्या लोकांला कुणाच्याबी हातचं चालत न्हाई."

मिलिंदचा घास ताटातच राहिला. तो माझ्याकडे पाहत होता. मी खिरीतले खोबरे बाजूला करत होते.

सकाळी किल्ल्याकडे चालत जाताना त्याने विषय काढला. "पुसायचं तर पूस, ठेवायचं तर ठेव. फक्त माझ्यासाठी काही करू नको."

"त्यांना वाईट वाटेल," मी म्हणाले.

"व्हय. वाईट त्यांना वाटू नये," तो म्हणाला. चिडला की तो गावचे बोलतो.

किल्ला एवढा मोठा आहे की आत शेते आहेत. रंगीन महालाचे कुलूप उघडून एका म्हाताऱ्या चाचांनी काळ्या दगडात बसवलेले शिंपले दाखवले. दार उघडे असेपर्यंत ते चमकत होते. संग्रहालय जवळच, जुन्या हमामात आहे. जिथे राजघराण्याच्या आंघोळीचे पाणी वाहत होते, तिथे आता तोफगोळे, तलवारी आणि नाक तुटलेल्या मूर्ती बसल्या आहेत. भिंतींत पाण्याच्या नळांची भोके तशीच आहेत.

"नवी जोडी हाय का?" चाचा म्हणाले. "मग त्या तोफेपाशी उभे राव्हा. तिथं उभारलेली जोडी जनमभर भांडत न्हाई."

"भांडायला तोंड लागतं, चाचा," मिलिंद म्हणाला. "आमच्या बाईसाहेब बोलतच न्हाईत."

चाचा खळखळून हसले. मीही हसल्यासारखे केले. उतरताना पायरीवर माझी चप्पल तुटली आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या लाल दगडावरून मला अनवाणी चालावे लागले. मिलिंदने आपल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्या मला फार मोठ्या होत्या, पण मी घातल्या. कुंकू मी पुसले नव्हते आणि संध्याकाळी अक्कांनी ते पुन्हा ठळक केले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही गुलबर्ग्याला गेलो. हुमनाबादजवळ टायर पंक्चर झाले म्हणून तूर पेरलेल्या शेताच्या कडेला तासभर बसलो. गुलबर्ग्याचे संग्रहालय जुन्या घुमटांत, म्हणजे थडग्यांत आहे. आत शिरले की ऊन एकदम बंद होते. मिलिंदला तिथे एकच गोष्ट पाहायची होती: भीमेच्या काठच्या सन्नतीहून आणलेले स्तूपाचे दगड. पांढुरक्या दगडावर स्तूप कोरलेला, त्याच्या भोवती हात जोडलेली माणसे. माझ्या शाळेतल्या इतिहासात सारनाथ होते, सांची होते. सन्नती नव्हती. हे सगळे मिलिंदच्या घरापासून बसने काही तासांवर आहे, हेही मला माहीत नव्हते.

दगडासमोर पांढरे लुगडे नेसलेली एक आजी नातीला घेऊन उभी होती. नात पाच-सहा वर्षांची असेल. माझ्या साडीचे काठ चमकत होते. तिने हळूच त्यावर बोट फिरवले.

"आगं, हात नको लावू बाईच्या लुगड्याला!" आजीने तिला मागे ओढले आणि स्वतःही दोन पावले सरकून मला वाट दिली. ती माझ्या कपाळाकडे पाहत होती.

"जय भीम, आजी," मिलिंद म्हणाला.

आजीचा चेहरा उजळला. "जय भीम, बाबा! कोणत्या गावचा रं?" मग तिनेच भडाभडा सांगितले. मादन हिप्परग्याची होती, सून दवाखान्यात होती, मुलगा तिच्यापाशी बसला होता. "त्यो म्हनला, आये, इथं आपला बुद्ध हाय, बघून ये. आन ह्या कोण?"

"माझी बायको."

आजीने माझ्याकडे पुन्हा पाहिले, या वेळी खूप वेळ. "दुसऱ्यातली करून आणलास व्हय? बरं केलास." मग ती माझ्याजवळ आली. आता तिला संकोच नव्हता. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. तळवे भाकरीसारखे खरखरीत होते. "लेकी, लय हिंमतीची हायस. घरदार सोडून आमच्यात आलीस. बाबा, नीट नांदव हिला."

मिलिंद थांबला होता, ते मी बोलावे म्हणून. अक्कांनी मला नसलेली जात दिली होती आणि या आजीने नसलेली हिंमत. दोन्ही मी मुकाट घेतल्या. आजी नातीचा हात धरून उजेडात निघून गेली.

मी घुमटामागच्या नळावर गेले, पदर भिजवला आणि कपाळ घासले. ओले कुंकू निघायचे सोडून पसरले, भुवयांपर्यंत सगळे लाल झाले. परत आले तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा मिलिंद हसला.

"आता तर जास्तच दिसायलंय," तो म्हणाला आणि स्वतःचा रुमाल भिजवून आणायला गेला.

रात्री आम्ही बीदरला परतलो तेव्हा अक्का झोपल्या होत्या. निघण्याच्या सकाळी त्यांनी अंगणात ताट आणले: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. "ये, पदर पसर. माझ्या घरून सवाशीण रिकामी जात न्हाई."

मी पदर पसरला नाही. वाक्य रात्रीच जुळवून ठेवले होते.

"अक्का, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात ओटी भरत नाहीत. कुंकूही लावत नाहीत."

"काय म्हनायल्या?" ओट्यावरून अण्णांनी विचारले. माझा आवाज तिथवर पोचलाच नव्हता. म्हणून तेच वाक्य मला पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने. दुसऱ्या जोडप्याने चहा पिता पिता मान वळवली. झाडणारी बाई थांबली.

अक्का ताट धरून उभ्या राहिल्या. "मग म्या लावलं तवा माझा हात धरायचास की," त्या म्हणाल्या. "दोन दिवस गप कामून बसलीस?"

त्यांनी ताट कमरेला टेकवले.

"तुमच्यात लेक निघाली तर काय देतेत हातात?"

मी मिलिंदकडे पाहिले.

"आमची आजी भाकरी बांधून द्यायची," तो म्हणाला.

अक्का ताट घेऊन आत गेल्या. आम्ही बॅगा घेऊन उभे होतो. त्या परत येणार की नाही हे कळत नव्हते. अण्णा हंसांच्या पाटीवरची धूळ उगाच पुसत होते. मग आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. खूप वेळाने अक्का गाठोडे घेऊन आल्या, कापडातून वाफ येत होती. त्यांनी ते वरून सोडले नाही, माझ्या हातावर ठेवले. "गरम हाय. सांभाळून," एवढेच म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

रिक्षात बसताना मी मागे वळून पाहिले. मोरीजवळच्या दगडावर आमच्या खोलीतले दोन कप पालथे घातले होते, बाकीच्या भांड्यांपासून वेगळे. ते रोज तिथेच असत की आजच ठेवले होते, मला आठवेना. या घरात मी सारखी मान खाली घालून वावरले होते आणि अंगण धड पाहिलेच नव्हते.

उदगीरच्या स्टँडवर आम्ही भाकरी खाल्ली. आत शेंगांची चटणी होती आणि दोघांपुरते कांदे. मिलिंद म्हणाला, चटणी त्याच्या आजीच्या हातची वाटते. मला चव कळली नाही. मी प्रत्येक घासाला कपांचा विचार करत होते.

पुण्याला पोचल्यावर आईला किल्ल्याचे सांगितले, शिंपल्यांचे सांगितले, हंसांच्या बदकांवर ती खूप हसली. ऑफिसला जायच्या तयारीत ती आरशासमोर उभी होती आणि रोजच्यासारखी लहानशी टिकली लावत होती. टिकली लावली की कुणी काही विचारत नाही, असे ती म्हणते.

"कुणी विचारलं का?" आरशातूनच तिने विचारले. प्रत्येक प्रवासानंतर ती हे विचारते आणि माझे उत्तर नेहमी एकाच शब्दाचे असते.

"नाही," मी म्हणाले. "मीच सांगितलं."

तिचे बोट कपाळावर तसेच राहिले.

"मग?"

मी तिला भाकरीचे सांगितले. कपांचे सांगितले नाही.