माझी वाचा देवाला

असा घोळ आमच्या खानदानात कुणी घातला नसेल, बाई. चहा घ्या, सांगते.

आमच्या ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द तेवढा निघत नव्हता. परभणीच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "यात औषध कमी, घर जास्त. सगळ्यांनी त्यांच्याशी बोलायचं. ते अडले तर थांबायचं, शब्द त्यांचा त्यांना काढू द्यायचा." तिथंच ह्यांनी कपाकडं बघून "च... च..." केलं. माझ्या डोळ्यांत पाणी.

आता शहाण्या बाईनं काय करावं? घरी येऊन बोलावं. मी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलले: एकवीस दिवस माझी वाचा तुला, ह्यांची ह्यांना दे. आणि गप्प बसले.

सून म्हणाली, "आत्याबाई, मॅडमनी बोलायला सांगितलंय, अन् तुमी मौन धरायलात?"

मी देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं.

"देवाला कळंल हो. मामंजींना कसं कळावं?"

दिवसभर मुलगा सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला, सून शेतात. ह्यांच्याजवळ मीच. ते "च..." करायचे. मी ओठांवर बोट ठेवायची, देवाला हात जोडायची आणि चहा पुढं करायची. आठवड्यात ते "च"सुद्धा थांबलं. मला वाटलं, किती शांत झालेत, देव पावायलाय.

बाविसाव्या दिवशी मॅडमनी कपाचं चित्र धरलं. "काका, हे काय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि वर बघून एका हातानंच नमस्कार केला.

"हे घरी कुणी शिकवलं?"

सून खाली बघत म्हणाली, "शिकवणी लय नेमानं झाली, मॅडम. एक दिवस खाडा न्हाई."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "सुरुवातीचेच दिवस मोलाचे असतात, मावशी."

तेव्हापासून मी उठल्यापासून बोलते. "अहो, च म्हणा. चहा." थांबते, वाट बघते. आज ना उद्या निघेल. व्रत संपलं म्हणून शंभरदा सांगितलं, पण त्यांना पटत नाही. मी एखादं व्रत सोडलेलं त्यांनी जन्मात बघितलेलं नाही ना. घाबरून देव्हाऱ्याकडं बघतात, आणि डाव्या हाताचं बोट हळूच माझ्या ओठांवर ठेवतात.