आईच्या गळ्याची राखण
डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर लग्न लागायचं ते आईच्या गळ्यावर. ती धवलारीण, म्हणजे लग्नात देवांना आवतण देणारे धवले गाणारी. ओळ आधी ती म्हणायची, मग बाकीच्या बाया उचलायच्या. नव्वदच्या दशकात, माझं लग्न ठरलं त्याच हिवाळ्यात तिचा आवाज बसला तो उठेचना. शहापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि बजावलं, आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट ताण पडतो. खाकरायचं नाही. गाण्याचं नंतर बघू.

माझ्या हळदीला आई गाणार की नाही, मला तेवढाच घोर लागला होता.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला सगळा पाडा लोटतो. आई बोलत नाही म्हटल्यावर बाया तिच्या कानाशी ओरडायच्या, जशी काय ती बहिरीच झालीय. शेजारची काकू म्हणाली, "दुखतंय का गो? कानात सांग हलूच."

"काकू, कानात पण नाय सांगायचं," मी म्हटलं. माझं डोकं फिरायचं.

बाबा मात्र खुशीत. "लगीन झाल्यापासून पयल्यांदा माजं बोलणं पुरं होतंय," म्हणायचे. आई त्यांच्यावर पळी उगारायची.

गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी, मग कोमट पेज, मिरचीला सुट्टी. दिवसभर घोट घोट पाणी. पातेल्यातल्या पाण्याची वाफ ती डोक्यावरून पदर घेऊन घ्यायची, मी पाठीवरून हात फिरवत बसायचे. तिच्या इतक्या जवळ मी पुढे कधी बसले नाही, याची आज हळहळ वाटते.

लग्नापर्यंत ती बोलू लागली. डॉक्टरांनी जोर मात्र लावू नको म्हटलं होतं आणि आवाजही जाडसर, मध्येच तुटणारा.

हळदीला बाकीच्या बाया गायला बसल्या आणि कुठल्या देवानंतर कुठल्या देवाला आवतण द्यायचं, इथेच अडकल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. तरी तिनं ओळ धरली, घोगरी, शेजारणीला ऐकू जाईल एवढीच.

ओळ उचलताना बायांनी आपले आवाज तिच्याही खाली नेले, तिची ओळ बुडू नये म्हणून. कानाशी ओरडणाऱ्या त्याच या बाया. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुढे लग्नं पुष्कळ पाहिली, स्पीकर लावलेली. इतक्या हळू गायलेला धवला पुन्हा ऐकला नाही.