अंगणवाडीपुढचा गतिरोधक

आमच्या नगरपालिकेच्या बांधकाम विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी ऑफिस उघडलं की एखादा नवा किस्सा समोर खुर्ची ओढून बसलेला असतो. मी इथं कनिष्ठ अभियंता. आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मध्ये कुठंतरी आहे. नाव सांगत नाही, कारण अजून नोकरी करायची आहे. पूर्वी मित्रांना हे सांगताना आधी मीच हसायचो. हल्ली सांगता सांगता डोकं तापतं.

*

मंत्र्यांचा दौरा ठरला. ताफ्याला धक्के बसू नयेत म्हणून आमच्या साहेबांनी फोनवरच सांगितलं, "वाटेतले सगळे गतिरोधक उखडा." जेसीबी आला आणि अंगणवाडीपुढचाही गतिरोधक गेला. हा कारखान्याचा रस्ता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी वाजवत सुसाट जातात. अंगणवाडीचं दार उघडलं की पोरं थेट रस्त्यावर.

ऐनवेळी मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं गेले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या अंगणवाडी सेविका कमलताई ऑफिसात हजर. "साहेब, मंत्री गेलं. आता आमचा गतिरोधक परत बसवा."

साहेब म्हणाले, "ताई, असा कसा बसवणार? बसवायला धोरण लागतं. आणि ते जुनं झालंय. अपडेट करतोय."

म्हणजे काढायला एक फोन पुरतो, बसवायला धोरण लागतं. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

*

धोरण अपडेट करायचं म्हणजे काय, तर साहेबांनी दुसऱ्या कुठल्यातरी शहराचं धोरण उचललं आणि गावाचं नाव बदललं. मी वाचायला घेतलं, तर त्यात कलम होतं: 'समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर प्राधान्याने गतिरोधक बसवावेत.'

"साहेब, आपल्याकडे समुद्र कुठाय?"

साहेब जराही अडखळले नाहीत. "उजनी धरणाचा फुगवटा धरा."

फुगवटा आमच्या हद्दीत येतसुद्धा नाही. तरी कलम राहिलं. अंगणवाडीचा मात्र त्या मसुद्यात कुठंच उल्लेख नव्हता. घालूया म्हणालो, तर उत्तर आलं, "बघू."

*

आमच्याकडे गतिरोधक हा मानाचा विषय आहे. दारापुढं असला की माणूस वजनदार. नगरसेवक अण्णांच्या बंगल्यापुढं दोन आहेत, आणि ती गल्ली पुढं बंद आहे!

मी विचारलं, "अण्णा, हितं वेगात येतंय कोण?"

"कुणी न्हाय. पण पाहुण्याची गाडी आमच्या दारात हळू झाली पायजे. त्याशिवाय घर कुणाचं, ते कळत न्हाय."

हे ऐकून अण्णांच्या विरोधकानं तीन मागितले. मिळाले. तेही धोरण अपडेट होत असताना, तोंडी आदेशावर. म्हणजे धोरण फक्त कमलताईंना लागत होतं. असा संताप आला, की त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

*

मळ्यातले एक आबा मागणी घेऊन आले. जागा बघायला गेलो, तर ना शाळा, ना वळण, ना वस्ती.

"आबा, हितं कशाला?"

"ट्रॉली आदळली की ऊस पडतोय. शेरडांचं भागतंय." मग हळूच म्हणाले, "जरा उंचच करा."

आबांचा मला राग आला नाही. एवढ्या मागण्यांत पोटासाठी मागणारे ते एकटेच.

*

शेवटी धोरणावर नागरिकांची बैठक झाली. पुढच्या रांगेत अण्णा. मागं कमलताई आणि अंगणवाडीतल्या पोरांच्या आया. साहेबांनी माईकवर कलम वाचलं: 'ज्या ठिकाणी अपघात झालेला आहे, त्याच ठिकाणी गतिरोधक मंजूर करण्यात येईल.'

कमलताई उठल्या. "आमच्याकडं अपघात झालेला न्हाय. गतिरोधक हुता म्हणून झाला न्हाय."

"मग ताई, तुमची जागा नियमात बसत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, हा नियमच चुकीचा आहे." साहेबांनी हातानंच खाली बसायची खूण केली. अण्णांनी घड्याळ बघितलं.

कमलताई अजून उभ्याच होत्या. "साहेब, मोठाच लागंल, का किरकोळ चालंल?"

"काय?"

"अपघात."

आणि आमच्या साहेबांनी, खरंच सांगतो, कागद उलटून बघितला आणि उत्तर दिलं, "डॉक्टरचा दाखला असेल तर किरकोळही चालेल."

कमलताईंनी बाजूला बसलेल्या आयांकडे एकदा बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पोर कुणाचं घ्यायचं, त्येबी लिवा त्यात."