पाचवीचा कोरा कागद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — ती गेली तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं, ते तसंच गिळलं. तुम्हाला का सांगतेय ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मध्येच उठून जाणार नाही असं वाटतं, एवढंच.

आधी थोडं इकडचं तिकडचं बोलते, चालेल ना? शहापुरात कचेरीच्या रस्त्याला आमचं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. जन्मदाखले, आधार, शाळेचे अर्ज. दिवसभर मी लोकांच्या पोरांची नावं टाइप करते. नावं तीच ती — आरव, स्वरा, रिया, आयुष. पण इंग्रजीत लिहायची वेळ आली की आईबाप खिशातून चिठ्ठी काढतात. कुणीतरी मोबाइलवर अंक जुळवून दिलेले असतात. साध्या रियाला दोन वाय आणि शेवटी एच. मी हसायची. नवऱ्याला म्हणायची, ही पोरगी आयुष्यभर नाव लिहूनच दमणार. चार अक्षरं वाढवून कुणाचं नशीब वाढलंय का?

हसायची. आता हसू येत नाही.

माझं माहेर वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुरबाड तालुक्यात. घरात धाकटा भाऊ, त्याची बायको मनीषा, आणि तेव्हा आई होती. मनीषाला पहिली मुलगी झाली, तिचं नाव मी ठेवलं. आत्याचा मानच तो. पाळण्यावर वाकून कानात ‘आरोही’ म्हटलं आणि बायकांनी पाठीत असे बुक्के घातले की दोन दिवस पाठ ठणकत होती. मला स्वतःचं मूल नाही. हे सबब म्हणून सांगत नाही — पण ते लपवलं तर पुढचं सगळंच अर्धवट होईल. ती पोर मला माझी वाटायची.

सात महिन्यांची असताना ती तापात गेली. मुरबाडला नेता नेता वाटेतच गेली. घरामागे ओढ्याकडेला मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली तिला पुरलं, वर चार दगड ठेवले. त्यानंतर मनीषानं घरात ते नाव कुणाला काढू दिलं नाही. झबली वाटून टाकली, फोटो कुठे ठेवले ते कुणालाच माहीत नाही. एकदा माझ्या तोंडून नाव निघालं तर ती भरल्या ताटावरून उठली.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. पाचवीला मी गेले. तर मनीषा म्हणते, “ताई, या टायमाला नाव मी ठेवणार हां. वाईट नका वाटून घेऊ.” तिनं फोनवरून एक नाव काढून ठेवलं होतं, अंक जुळवलेलं. मी हसून म्हटलं, ठेव गो. पण आतून — आतून काय झालं ते कसं सांगू? पहिली पोर कुणीतरी पुन्हा एकदा माझ्या हातातून काढून नेली असं वाटलं. राग आला. पाच दिवसांच्या बाळंतिणीचा राग.

पाचवी तुम्हाला माहीत असेल. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. सकाळी कागद कोराच असतो, तो कोराच असायचा असतो. तिचं लिहिणं माणसाला दिसत नाही, असं आई सांगायची.

उजाडताना आई पाण्याला गेली, भाऊ गोठ्यात. मनीषा आणि बाळ झोपलेली. मी चहा ठेवायला म्हणून उठले — नाही, हेही खोटं. अंथरुणातून ठरवूनच उठले होते. पेन डाव्या हातात धरलं, कारण माझं अक्षर घरात सगळे ओळखतात. लिहिलंही इंग्रजीत. दुकानात पाहिलेली सगळी विचित्र स्पेलिंगं आठवली आणि घरातल्या कुणाला सुचणार नाही असं एक लिहिलं. ए ए आर ओ एच एच ई ई. अक्षरं सगळी डावीकडे पडली, वाऱ्यानं भात लोळावं तशी. आरोही.

पेन खाली ठेवलं आणि पाहिलं तर बाळाचे डोळे उघडे. पाच दिवसांच्या बाळाला काही दिसत नसतं, ठाऊक आहे मला. ते माझ्याकडेच पाहत होतं.

मला काय हवं होतं? खरं सांगू? मनीषानं रडावं असं वाटत होतं. ती रडली नाही. तिनं कागद घेतला, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. “ताई,” म्हणाली, “तीच आलीय परत.” आईनं हात जोडले. सटवाई इंग्रजी कधी शिकली, हे कुणीच विचारलं नाही. मीही हात जोडले.

जन्मदाखल्याचा अर्ज भरायला ते माझ्याच दुकानात आले. मनीषा माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्यावर बघत होती. “एक पण अक्षर चुकवू नका ताई. तिची खूण हाय ती.” तेव्हा थांबता आलं असतं. मी टाइप केलं, दोनदा तपासलं, आणि छापून तिच्या हातात दिलं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मोकळं होता येत नाही मला. कारण पुढचं सगळं मी बघत होते. मोहाखाली मनीषा आधी चोरून फुलं ठेवायची, ती बंद झाली. “तिथं कोण हाय आता?” म्हणाली. वरचे दगड भावानं बांधाला लावले. वाढदिवस करतात तो पहिलीच्या तारखेला. ही पोर कधी जन्मली ते फक्त दाखल्यावर आहे. तुला तेव्हा पेज आवडायची, तू तेव्हा अशी रांगायचीस — हे ऐकतच ती वाढली. सहा वर्षांची असताना वाल सोलता सोलता तिनं मला सहज विचारलं, “आत्या, मी मेली तवा तू रडलीस ना?” मी शेंगा सोलत राहिले.

तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून देव्हाऱ्यात ठेवलाय. नाव लिहायला ती त्यावरूनच शिकली. बाकीचं अक्षर तिचं गोल, सरळ, शाळेतल्या बाईंसारखं. फक्त नाव आलं की अक्षरं डावीकडे पडतात. तिच्या प्रत्येक वहीवर माझा डावा हात आहे.

आता ती नऊ वर्षांची आहे. या पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिनं तीन दिवस कुणाला कळू दिलं नाही. शाळेत बाकावरच कोसळली तेव्हा समजलं. शहापूरला दवाखान्यात आणलं. आणखी एक दिवस गेला असता तर हातात काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषा औषधं आणायला खाली गेली, खाटेशी मीच होते. विचारलं, का गो सांगितलं नाहीस?

“कशाला सांगू? मेली तं परत येतेच ना मी. कागद ठेवला की झालं.”

मग तिनं माझ्याकडे पेन मागितलं. उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून डाव्या हातानं केसपेपरच्या मागे नाव लिहिलं. ए ए आर ओ एच एच ई ई. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. “बघ,” म्हणाली, “डाव्या हातानं एकदम तसंच येतं.” पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, आता तू. मी पेन घेऊन पर्समध्ये टाकलं.

“आत्या, सटवाईनंच लिहिलेलं ना ते?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाजूची खाट रिकामी होती. मनीषा यायला वेळ होता. मी ‘हो’ म्हटलं.

ती बरी होऊन घरी गेली. पुन्हा ताप आला तर ती कुणाला सांगणार नाही, हे त्या घरात कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.