सतरंजीवर शपथ चालत नाही

औशाच्या त्या शाळेत वाचनालय म्हणजे जिन्याखालच्या खोलीला दिलेलं भारदस्त नाव. दोन लोखंडी कपाटं, एक डुगडुगतं टेबल आणि खाली अंथरलेली सतरंजी. महादेवी बिराजदार तिथली ग्रंथपाल, तीसुद्धा अर्धवेळ. अर्धवेळ फक्त कागदावर. कोणाला पोषण आहाराचा तांदूळ मोजून हवा असला, कोणाला आपला वर्ग सांभाळायला द्यायचा असला, की मास्तर लोक खोलीत डोकं घालून म्हणत, "मॅडम, तुम्ही तर रिकाम्याच." रिकाम्या म्हणे! जिच्या खोलीत मधल्या सुट्टीनंतर रोज एखादं तरी नाक फुटलेलं पोर बसलेलं असायचं, ती रिकामी कशी असेल?

भांडलेली पोरं तिच्याकडं धाडायची, ही रीत कोणी ठरवली नव्हती, पडत गेली. एकदा दुसरीतल्या दोघांनी चित्रांच्या पुस्तकावरून एकमेकांचे केस उपटले. मास्तर हात उगारून निघाले, तेव्हा हिनं दोघांना आत ओढलं आणि दार लावून घेतलं. सतरंजीवर समोरासमोर बसवलं. म्हणाली, "तू सांग काय झालं. आणि तू मधी तोंड घालू नको." पहिल्याचं सांगून झालं की दुसऱ्याला म्हणाली, "आता ह्याचं म्हणणं तू सांग, त्यानं सांगितलं तसंच." दुसऱ्यानं सांगायचं, पहिला 'हाव, असंच' म्हणेपर्यंत. मग उलट बाजूनं तेच. कोणी तिसऱ्यानं पाहिलं असेल, तर त्यानं पाहिलं तेवढंच सांगायचं. अर्ध्या तासात दोघं एकाच पुस्तकावर पालथे पडून चित्रं बघत होते. तेव्हापासून तिचे कायदे ठरले. सतरंजीवर कोणी कोणाला हसायचं नाही. आणि शपथ घ्यायची नाही.

शपथेचं का? तर आमच्याकडची पोरं उठता-बसता शपथा घालतात. आईची, विद्येची, देवाची. लहान लेकरू शपथ घातली की एक तर घाबरून गप होतं, नाहीतर खोटं बोलायला निर्ढावतं. भांडण आपलं जागच्या जागी. "सतरंजीवर शपथ चालत न्हाई, जे झालं ते सांगायचं," हे वाक्य पहिलीतल्या पोरांनासुद्धा पाठ झालं होतं.

तिला हा नाद कुठून लागला, तर माहेरातून. माहेर निलंग्याकडचं, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. वडील आणि चुलते एका भिंतीवरून बोलायचे बंद झाले, ते चुलते जाईपर्यंत बंदच राहिले. महादेवीच्या लग्नात चुलत्याचं दार लावलेलं होतं. जिच्याबरोबर ती एका ताटात जेवली होती, ती चुलतबहीण रत्नम्मा माळवदावरून चोरून वरात बघत होती. हे आठवलं की महादेवीला अजून रडू येई. दोघांना कोणी वेळेवर समोरासमोर बसवलं असतं तर, असं तिला वाटायचं. आणि मोठी माणसं काही बसत नाहीत, म्हणून ती लहानांना बसवत होती.

तिचं सासर औशाजवळच्या एका वाडीत. मोहियोद्दीनच्या ऑटोतून वाडीची पोरं शाळेला यायची, त्याच ऑटोत पुढच्या बाजूला दप्तरांच्या ढिगात ही बसायची. त्या पोरांत दोघं चुलतभाऊ होते, तिसरीतले. शिवशंकर हा व्यंकटचा, सुदर्शन हा बालाजीचा. व्यंकट धाकटा, बालाजी थोरला. दोघांची रानं शेजारी आणि मध्ये धुरा. धुरा म्हणजे दोन रानांमधला बांध. त्याच्या टोकाला हद्दीचा दगड. बालाजीचं म्हणणं, दगड माझ्या अंगाला चार हात सरकलाय. व्यंकटचं म्हणणं, दगड आहे तिथंच आहे, थोरल्याची नजर सरकलीय. घरं बोलायची बंद झाली आणि पोरं शाळेत एकमेकांना दगडं मारू लागली. पाटी नीट धरता येत नाही, पण बापाचं वैर बरोबर धरता येतं!

महादेवीनं दोघांना सतरंजीवर बसवलं. एकदा नाही, बरेचदा. सुदर्शन लवकर बोलला. शिवशंकर मात्र घुम्या. मान खाली, नखानं सतरंजीचा दोरा उकरत बसायचा. महादेवी काही न बोलता नुसती मान हलवायची. सांग, मी ऐकतेय, म्हणून. मान हलली की ते पोर एकेक शब्द बाहेर काढायचं. असं करत करत दोघं एका डब्यात जेवायला लागले. त्या दिवशी महादेवी ऑटोत इतकी खुशीत होती की मोहियोद्दीन म्हणाला, "मॅडम, लॉटरी लागली काय?"

दिवाळी झाली आणि गावानं दोघा भावांची बैठक ठरवली. त्या वाडीची जुनी चाल अशी की धुऱ्याचा तंटा आधी मारुतीच्या पारावर यायचा. दगड हलवला नाही म्हणणाऱ्यानं आपल्या पोटच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. घेतली की तंटा मिटला. खोटी घेतली तर लेकराला लागते, त्यामुळं खोटी घ्यायची छाती कोणाची होत नाही, असं गाव मानायचं.

बैठकीच्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवशंकर एकटाच वाचनालयात आला.

"बाई, टोपीवरून शपथ लागत न्हाई ना?"

"कोण म्हणलं तुला?"

"आप्पा. नवी टोपी आणलीय. सांजच्याला घालून बस, काढू नको म्हणलेत."

महादेवीच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. व्यंकट खोटी शपथ घेणार होता, आणि ती लेकराला लागू नये म्हणून मध्ये टोपी घालणार होता. लबाडी तर खरीच, पण त्या लबाडीतसुद्धा बापाचा जीव पोरात अडकलेला. ती म्हणाली, "शपथ कोणालाच लागत नसते रे. सगळं खोटं असतं ते."

"मग आप्पानं टोपी का आणली?"

पोर दाराकडं वळलं. मग म्हणालं, "दगड आप्पानंच सरकवला. म्या बॅटरी धरलती."

घरी जाताना ऑटोत महादेवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. व्यंकटला गाठावं, सांगावं, बाबा, लेकराला यात ओढू नको. वाटलं तर थोरल्याच्या पाया पड, पण हे नको. व्यंकटच्या दारापर्यंत ती गेलीसुद्धा. तो ओसरीवर पोराला पुढ्यात घेऊन टोपी नीट बसवत होता, कानामागचे केस आत सारत होता. बाजूला त्याची बायको तारामती उभी. व्यंकटनं विचारलं, "काय मॅडम, काय काम काढलं?" आणि हिची जीभच उचलली नाही. भावकीच्या भांडणात परघरच्या सुनेनं काय म्हणून बोलायचं? "काही न्हाई, सहज," म्हणून ती माघारी फिरली. शाळेत इतकी धीट बाई, गावात मात्र सून होती.

पारावर सगळा गाव जमला होता. बाया कडेला, देवळाच्या भिंतीला लागून. नागप्पा म्हातारा मधोमध बसलेला. गावात सगळ्यात जाणता तोच. तो म्हणाला, "व्यंकटा, पोरगं पुढं घे." व्यंकटनं शिवशंकरला पुढं घेतलं, टोपीवर हात ठेवला.

"टोपी काढ की रं," नागप्पा म्हणाला. "आमाला काय आंधळं समजतो का?"

कोणीतरी हात लांबवून टोपी काढली. व्यंकटचा हात तसाच वर राहिला, खाली येईना. शपथ खोटी असते हे पोराला बाईंनी सांगितलं होतं, पण बापाचा हात का थांबला हे कोण सांगणार? त्यानं गर्दीत शोधलं आणि त्याला महादेवी दिसली.

महादेवीनं मान हलवली.

तिनं ठरवून हलवली की सवयीनं हलली, हे तिलाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही. पण हलली. आणि शिवशंकर बोलायला लागला, अगदी सतरंजीवर बोलायचा तसा, सावकाश.

"आप्पा, शपथ नका घेऊ. जे झालं ते सांगायचं. तात्या म्हणतेत, माझं चार हात रान गेलं. आप्पा म्हणतेत, तात्यानं विहिरीच्या पाण्याची पाळी मोडली, माझं सोयाबीन वाळलं. म्हणून आप्पानं दगड सरकवला. म्या बॅटरी धरलती. आता तुमी दोघं समोरासमोर बसा, अन् एकमेकाचं सांगा."

खरं सांगायचं तर महादेवीला अभिमान वाटत होता. वाटलं, बसतील. आता दोघं खरंच बसतील. व्यंकटचे डोळे भरले होते. बालाजी अर्धा उठलाही होता.

तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "घ्या! व्यंकटाच्या घरातच तहसीलदार निघाला!"

आणि गाव हसलं. पोटं धरून हसलं. बालाजीलाही हसू आवरलं नाही. महादेवीच्या खोलीत हसायचं नाही हा कायदा होता. पाराला कुठला कायदा? तिनं लेकराला बोलायला शिकवलं, पण पारावर बोललेल्याचं लोक काय करतात, हे ती विसरली होती. व्यंकटचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं टोपी मागून घेतली, घडी करून खिशात घातली, पोराचा हात धरला आणि घरी गेला. पोराला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही.

सकाळी बालाजी गडी घेऊन दगड मागं सरकवायला रानात गेला. व्यंकट आपल्या तुकड्यात खोरं घेऊन उभा होता. बालाजीनं लांबूनच आवाज दिला, "आरं, लेकरू तरी खरं निघालं! तू कोणावर गेलास रं?" चेष्टाच होती ती, थोरल्या भावाची. व्यंकट चालत आला आणि खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकच. बालाजीला लातूरला नेला. तिथून तो परत आला तो झाकूनच. व्यंकट स्वतःहून औशाच्या ठाण्यात जाऊन बसला.

महिन्याभरात सुदर्शनची आई त्याला घेऊन माहेरी गेली, लोह्याकडं. त्याचा दाखला न्यायला मामा आला होता. दोघं चुलतभाऊ व्हरांड्यात समोरासमोर आले, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

मुख्याध्यापकांनी महादेवीला बोलावून सांगितलं, "मॅडम, ते सतरंजीचं आता बंद करा. पुस्तकं द्या, पुस्तकं घ्या." ती 'बरं सर' म्हणाली. भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. जे आपण व्यंकटच्या ओसरीवर बोलायला हवं होतं, ते आपण आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून बोलवलं, हे तिला आता लख्ख कळलं होतं.

मग एक दिवस तारामती शाळेत आली. कपाळ मोकळं नव्हतं, पण चेहरा विधवेपेक्षा ओढलेला. शिवशंकरला तिनं पुढं ढकललं.

"तुमी मान हालवली, बाई. म्या बघितलं."

महादेवीनं हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"गावात कुणाला बोलले न्हाई म्या. बोलून काय व्हणार? पण लेकरानं तुमच्याकडं बघून इचारलं होतं. तुमी न्हाई म्हणाया पाह्यजे होतं."

"हो, तारामती. चुकलं माझं."

"वर्गात पोरं ह्याला साक्षीदार म्हणून चिडवतेत. घरात हा तोंड उघडत न्हाई. तुमी बोलतं केलतं न्हवं? मग तुमीच सांभाळा. सुट्टीत इथंच बसू द्या." आणि पदरानं नाक पुसून ती निघून गेली. तिला औशाहून लातूरची बस धरायची होती. जेलात भेटीचा दिवस होता.

तेव्हापासून शिवशंकर मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायचा. कोपऱ्यात, कपाटाला टेकून, मांडीवर पुस्तक. महादेवी त्याला काही विचारत नसे. कधी भाकरीचा तुकडा पुढं करी, तो खाई. पुन्हा आधीसारखा बोलेल, एवढीच तिची आस होती. वरचा देव, खालचा देव, सगळ्यांना तिनं साकडं घातलं.

फेब्रुवारीत एक दिवस दुसरीतल्या दोघी भांडत आत आल्या, मुबश्शिरा आणि वर्षाराणी. सतरंजी बंद झाल्याचं लहान पोरींना कोण सांगणार? कपाटाजवळ हिसकाहिसकी झाली आणि हत्तीच्या गोष्टीचं पान टरकन फाटलं. शिवशंकर हातभर अंतरावर बसला होता. आवाजासरशी त्यानं मान वर केली. ते महादेवीनं टेबलावरून पाहिलं.

"हिनं फाडलं!"

"झूठ! इनेच वढलं!"

"बाई, शिवानं पाहिलंय," मुबश्शिरा रडत म्हणाली. "त्याला इचारा."

दोघी सतरंजीवर मांडी घालून बसल्यासुद्धा. महादेवीला नाही म्हणवेना. तिनं हळूच विचारलं, "शिवा, तू बघितलंस का रे?"

शिवशंकर तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्या इथं न्हवतो."

"बाई, हा इथंच तर बसलाय!" वर्षाराणी ओरडली.

"म्या न्हवतो. आईची शप्पथ."

त्याचा आवाज जराही हलला नाही. महादेवीनं फाटलेलं पान उचललं. "बरं," ती म्हणाली. "जा गं पोरींनो, वर्गात जा. घंटा होईल."

पोरी कुरकुरत गेल्या. शिवशंकरनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. महादेवी फाटलेलं पान डिंकानं चिकटवायला बसली. लेकरू तिच्याच खोलीत, तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललं होतं, आणि तिला हायसं वाटलं होतं. आता ह्याला कोणी काही करणार नाही, असं कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.