नीलकंठजींनी उघडलेले डोळे

काशीच्या रामघाटावरची वैदेही फोटोग्राफी शिकायला लागली, तेव्हा अख्ख्या गल्लीने नाकं मुरडली. वेदपाठशाळेच्या घरातली पोरगी, आणि गळ्यात कॅमेरा अडकवून घाटाघाटाने हिंडते म्हणजे काय! तिची आई शरदिनी मात्र त्यात पडली नाही. ती बाई बारा वर्षं एकाच गोष्टीसाठी भांडत आली होती, बाकी कशासाठी तिच्यात जीव उरलेला नव्हता.

गोष्ट अशी, की वैदेहीचे वडील श्रीनिवासशास्त्री एका यजमानाबरोबर गयेला गेले ते परतलेच नाहीत. पोरगी तेव्हा सात वर्षांची. यजमान म्हणाला, मी त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं. पुढे काय झालं ते देव जाणे. चौऱ्याण्णवच्या ज्येष्ठात बारा वर्षं भरली आणि धाकटे काका विश्वेश्वर यांनी शास्त्र पुढे केलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात त्याला. तो झाला की घरची बाई विधवा. शरदिनीने साफ सांगितलं, की हे जिवंत आहेत, पानं जाळायची तर आधी मला जाळा. घारे डोळे आहेत ह्यांचे, हजारांत उठून दिसतील, आज ना उद्या कोणीतरी ओळखेलच. वैदेही आईच्या बाजूची. तिचेही डोळे घारेच. काकांनी तरीही पंचांग बघून दिवस ठरवून टाकला. आता वहिनीच्या कपाळावरच्या कुंकवाने ह्या माणसाचं काय बिघडत होतं, सांगा! पण हटून बसले होते खरे, आणि अलीकडे त्यांना जेवणही जात नव्हतं.

त्याच दिवसांत कॉलेजात सरांनी सांगितलं, की आपल्याला भावलेले तीन फोटो आणा आणि ते बघून मनात काय येतं ते वर्गापुढे बोला. पोरांनी लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं उपसली आणि विलायती फोटो शोधले, कोणी लढाईचे, कोणी वाळवंटाचे. वैदेही गेली भोसले घाटामागच्या गल्लीत, नीलकंठजींच्या स्टुडिओत.

हे नीलकंठजी मेलेल्यांचे फोटो काढायचे. काशीत ह्याचं कोणाला नवल नाही. मणिकर्णिका घाटावर प्रेत टेकवलं की घरचे भोवती उभे राहतात आणि शेवटचा फोटो निघतो. कित्येकांचा तोच पहिलाही असतो. पुढे तोच हार घालून भिंतीवर लागतो. पण मिटल्या डोळ्यांचं माणूस रोज भिंतीवर कोणाला बघवणार? म्हणून नीलकंठजी बारीक ब्रशने फोटोवरच डोळे उघडून द्यायचे. पोलीसही बेवारशी प्रेतांचे फोटो त्यांच्याकडूनच काढून घेत. वैदेहीला ह्या फोटोंचं वेड होतं. तिने जुन्या खोक्यातून तीन निवडले.

वर्गात ती बोलली मात्र छान. पहिला एका म्हातारीचा, मुलांच्या घोळक्यात बसवलेली. मुलांनी माना खाली घातल्यात, म्हातारी तेवढी समोर बघतेय. त्यामुळे तीच जिवंत वाटते आणि मुलं गेलेली, असं वैदेही म्हणाली. दुसरा एका नव्या नवरीचा. तिचा एक डोळा किंचित तिरका उतरलाय. रंगवताना नीलकंठजींचा हात हलला असणार, आणि त्या हलण्यामुळेच हा फोटो खरा वाटतो, असं तिचं म्हणणं. तिसरा एका एकट्या माणसाचा. डोक्याखाली वीट, दाढी वाढलेली, काळेभोर डोळे टक्क उघडे. इथे मात्र पोरगी अडखळली. सरांनी विचारलं, ह्याच्याकडे बघून काय वाटतं?

"राग येतो," ती म्हणाली. "हा इतका वेळ माझ्याकडे बघतोय, आणि तरी ओळख देत नाही."

सरांनी दुसऱ्या मुलाला उठवलं. वैदेहीने तो फोटो घरी नेला तो पिशवीतच ठेवला, कारण आईने अशुभ म्हणून थयथयाट केला असता. पण मनातून तो जाईना. पूजेला फुलं काढताना, ताटावर बसताना, पाठीमागून कोणीतरी बघतंय असं तिला सारखं वाटायचं. सरळसरळ भीतीच वाटायला लागली होती तिला.

विधीच्या आदल्या दुपारी ती फोटो घेऊन पुन्हा नीलकंठजींकडे गेली. हा कोण, म्हणून विचारलं. तो बेवारशी होता, ते म्हणाले. गयेच्या वाटेवरच्या मुगलसरायच्या फलाटावर उन्हाच्या तडाख्याने गेलेला, बरीच वर्षं झाली. पोलिसांनी नुसता फोटो मागितला होता, डोळे नीलकंठजींनी आपल्या मनाने, फुकट उघडून दिले, पोलिसांच्या प्रतीवर आणि ह्या स्वतःजवळच्या प्रतीवरही.

"बिटिया, बंद आँख कोई पहचानता नहीं," ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं, निदान ह्याची माणसं तरी ह्याला शोधत येतील.

वैदेहीने विचारलं, ह्याचे खरे डोळे कसे होते? नीलकंठजी हसले. मिटलेल्या डोळ्यांचा रंग कोणाला कळतो? ते सगळ्यांना एकच रंग द्यायचे, काळा.

तिने टेबलावरचा कापूस पाण्यात बुडवला आणि फोटोवर फिरवला. नीलकंठजी हां हां करेपर्यंत काळा रंग कापसावर उतरला आणि खालच्या मिटल्या पापण्या वर आल्या. वडील पहाटेपासून मुलांना वेदांची संथा द्यायचे आणि दुपारी ओसरीवर आडवे व्हायचे. सात वर्षांच्या लेकीने बापाला डोळे भरून पाहिलं होतं ते असंच, झोपलेलं. तिने ओला फोटो तसाच उचलला आणि घर गाठलं.

घरी काका पळसाची पानं निवडत बसले होते. आई आत असेल ह्या हिशेबाने वैदेहीने फोटो गुपचूप त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो हातातही घेतला नाही.

"चौकीवर दाखवला होता मला," ते म्हणाले. "नाक दादाचंच होतं गं. पण डोळे काळे होते. काळे होते म्हणून मी नाही म्हणालो."

बेवारशी म्हणून जाळला पोलिसांनी त्याला, असंही ते म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. बारा वर्षं हा माणूस ते नाक घेऊन जगला होता. कोणाला सांगणार?

शरदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोणास ठाऊक. तिने वैदेहीच्या हातातून फोटो घेतला आणि खिडकीशी नेला. आई नाही म्हणू दे, हे ते नाहीत म्हणू दे, असं वैदेही मनातल्या मनात घोकत राहिली.

"हेच," शरदिनी म्हणाली.

मग ती परत आली आणि पसरलेल्या पानांवर तिने ओलं फडकं घातलं.

"उघडी ठेवू नका, भावजी. उद्या बांधायच्या आधीच वाळतील."